काहील पलीकडं गेली

काहील म्हंजे गूळ करायची लोखंडी कढई. घरातली न्हवं, गुऱ्हाळातली, आठ-धा माणसं आत मांडी घालून बसतील एवढी थोरली. ऊस गाळायच्या दिवसात ती चुलवाणावर चढती, बाकीचं वर्सभर उपडी पडून असती. पण आमचं गाव नदीच्या काठाला, म्हापुरात गावाला वेढा पडतो, तवा हीच काहील पाण्यात सोडत्यात. आत बाळंतिणी, म्हातारी माणसं, शेरडं-करडं घालायची, पवणाऱ्यांनी दोन्ही अंगानी कड्या धरायच्या आन पलीकडं न्यायचं. लगीन होऊन आले त्या वर्षी मी काहिलीत बसूनच माहेरला गेलते. ती गरागरा फिरती, डोळं मिटून बसावं लागतं, न्हाईतर वकारी येती. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. लष्कराला ठावं न्हवतं.

माझं शिक्षण मराठी तिसरी. चौथीत बसले आन लगीन ठरलं, पाटी तिथंच ऱ्हायली. लिहिताना जोडाक्षरं चुकत्यात ती वाचणाऱ्यानं संभाळून घ्यावीत. नावं मी कुणाचीच घालणार न्हाई. लढाई संपली, लष्कर गेलं, तरी नाव तोंडातनं काढायचं न्हाई ही सवय लागली ती लागली. आन घरच्यांचं नाव तर मी तसंबी घेत न्हाई.

मी मुळातच भित्री. म्हशीला भ्याची, विहिरीला भ्याची, आत्ती खाकरल्या तरी दचकायची. आत्ती म्हंजे माझ्या सासूबाई. सासरं वारलेले, घरात आत्ती, हे आन मी, आन ते साल बेचाळीसचं, माझी पोरगी तवा नुकती बसाय लागलेली. त्या सालात नदीकाठानं वरपासनं खालपातूर सगळीकडं गडबड चाललेली. तारा तोडल्या, टपालाच्या पिशव्या जाळल्या, चावडीवर निशाण लावलं. ह्यात आमचं हेबी हुते. मला इचारून गेले न्हवते. एक दिवस शेतावरनं आले न्हाईत, दुसऱ्या दिवशी आत्ती म्हनल्या, "भाकरी जास्त थाप, चौघांच्या." एवढंच. मी काय समजायचं ते समजले आन थापाय बसले, एकबी भाकरी गोल येईना.

मग लष्कर आलं. आमच्या नदीवर थोरल्या सडकेचा पूल हाय, पुण्याकडनं बेळगावाकडं जायाचा. लढाईच्या दिवसात लष्कराच्या मोटारी रातध्याड त्याच्यावरनं जायच्या, म्हनून तो पूल त्यांचा जीव. पूल राखायचा तर नदीचा काठ राखाय पायजे, म्हनून काठावरच्या गावागावात छावण्या पडल्या. आन पलीकडचा काठ संस्थानचा. पलीकडं ह्या लष्कराला कागदपत्राबिगर पाय टाकता येत न्हवता, कागद येईतोवर पळालेला माणूस कुठल्या कुठं जातोय. म्हनून त्यांनी पयलं काम काय केलं, तर नदी बंद केली.

आमच्या गावात छावणी पडली ती आमच्याच गुऱ्हाळात. गुऱ्हाळ काठाला लागून, छप्पर मोठं, त्यांना आवडलं. कुणी इचारलंबी न्हाई. एक गोरा सायब, तरणाच हुता, उन्हानं नाक सोललेलं. बाकीचे शिपाई आपलेच, कुठकुठले. आन एक हवालदार कोकणातला, तो सायबाचं मराठीत सांगायचा आन आमचं सायबाला सांगायचा. हवालदाराचा जन्म व्हड्यांत गेलेला. नावाड्याची नाव त्यानं नुसती हात फिरवून बघितली आन शिपायाला म्हनला, "इथं घाल घाव, इथं फळी कच्ची आहे." एका घावात नाव फुटली. नावाडी तिथंच मातीत बसला. वरच्या आन खालच्या गावातल्याबी नावा अशाच गेल्या. भोपळं बांधून पवायची पोरं, त्यांचं भोपळंबी फोडलं.

मग सायबानं चावडीम्होरं गाव गोळा केलं. आमचा पाटील सरकारचा माणूस, सरकारचा पगार खाणारा, लोक त्याला बघून थुकायचे. हवालदार त्याला म्हनला, "पाटील, साहेब विचारतात, गावात आणखी तरंगणारं काय आहे?"

पाटलानं टोपी काढली, डोकं खाजवलं.

"म्हशी हायत की सायब," म्हनला.

"चेष्टा करू नका."

"चेष्टा कशाला. लई लांब तरंगत जात्यात. पायजे तर फोडा."

लोक हासले. सायबानं हवालदाराकडं बघितलं, हवालदारानं काय सांगितलं कुणास ठावं, तोबी हासला. आन त्याच घटकेला सायबाचा एक शिपाई आमच्या उपड्या काहिलीवर बसून बूट पुसत हुता. चावडीवरनं समोर दिसत हुतं. सगळ्या गावानं तिकडं बघितलं आन सगळ्या गावानं मान दुसरीकडं फिरवली. पाटलानंबी. त्या दिवसापासनं मी पाटलाला मनातल्या मनात आप्पा म्हनाय लागले.

आता खरी अडचण सांगते. ह्यांच्या संगं तिघं हुते, चौघंबी हाडाचे पवणारे. नदीला परतीच्या पावसाचं पाणी हुतं तरी ते रातीत पलीकडं गेले असते. पण पुलाकडं काय तरी करायला गेले तवा गोळी चालली आन ती ह्यांच्या मांडीत शिरली. पाय उचलंना. पवायचं तर नावच नगं. आन बाकीचे तिघं म्हनले, आमी ह्याला टाकून जाणार न्हाई. असे ते चौघं आमच्याच उसात बसलेले, गुऱ्हाळापासनं हाकेच्या अंतरावर, छावणीतला खाकरा त्यांना ऐकू जायचा.

मी रोज म्हशीला वाडं, म्हंजे उसाचं हिरवं शेंडं, आणायच्या निमतानं उसात जायची. पोरगी काखंला, भाकरी वाड्याच्या पेंडीत. बांधावर भाकरी ठेवायची आन वाडं कापत बसायचं. आतनं बोलणं यायचं, माणूस दिसायचं न्हाई.

"पोरगी रडतीया का?"

"न्हाई."

"दात आलं?"

"एक आलाय. पाय कसा हाय?"

"हाय तिथंच हाय."

असं बोलायचे. घरात कधी एवढं बोललेले मला आठवत न्हाई. पण पायाचा वास यायला लागलेला मला बांधावर कळायचा. हळद बांधत हुते, तंबाखूचा पाला बांधत हुते, गोळी आतच. पलीकडं संस्थानात एक डाक्टर हुता, तिघांतला एक रातीत पवून जाऊन त्याला निरोप देऊन आलेला, तो तयार हुता. मधी नुसती नदी.

आन मग हवालदारानं दवंडी पिटवली की काठाचा ऊस कापून मोकळा करणार, कापायला येळ लागला तर पेटवणार. परवापासनं सुरू.

मी घरी येऊन पोरीला मांडीवर घेतलं आन नुसती हालत बसले. आत्ती बघत हुत्या. म्हनल्या, "रडू नगं. दूध आटतं." मी म्हनलं, आत्ती, परवा पेटवणार. त्या म्हनल्या, "ऐकलंय मी, भैरी न्हाई." मग पाणी गाळाय बसल्या. आमी जैन माणसं, पाणी गाळून पितो, आन गाळण्यात जे बारीक जीव ऱ्हात्यात ते जिथलं पाणी तिथं परत सोडून येतो. आत्ती नदीचं गाळणं नदीत नेऊन झटकायच्या, कितीबी काम असलं तरी. मुंगी वलांडून जाणारी बाई. खोटं बोलली तर त्या दिवशी जेवत न्हवती, म्हनून बोलतच न्हवती. हे सांगतीया कारण म्होरं लागणार हाय.

तर दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारीण धापा टाकत आली. "आक्का, गुऱ्हाळाकडं चला. तुमच्या काहिलीत बकरं शिजवायलेत."

आत्तींच्या हातातनं सूप पडलं. मी काय सांगू, त्या बाईचा मुलगा उसात पाय कुजत पडलेला, तवा त्या हालल्या न्हवत्या, आन आता अशा उठल्या की पदर कुठं, चप्पल कुठं. मी पोरीला उचललं आन मागं पळाले. मला वाटलं आज आत्तींना गोळी घालणार. मी भीतीनं मागनं म्हनतीया, आत्ती नगं, आत्ती माघारी फिरा, आन त्या चालल्यात.

गुऱ्हाळात चुलवाण पेटलेलं. आमचीच चिपाडं जळण. आन काहिलीच्या बुडात ते, मसाल्याचा वास, चरबी वर आलेली, एक शिपाई फळीनं ढवळतोय, ज्या फळीनं आमचा गुळव्या रस ढवळतो तीच. सासऱ्यांनी घेतलेली काहील. त्या काहिलीचा गूळ संकेश्वरच्या बाजारात जैनाचा गूळ म्हनून वेगळा ठेवायचे, उपासाला लोक मागून न्यायचे.

आत्ती चुलवाणाच्या तोंडाशी जाऊन खालीच बसल्या. आरडल्या न्हाईत. नुसत्या बसल्या.

हवालदार आला. "काय झालं आजी?"

"आजी म्हनू नगं. तुझ्या आजीच्या भांड्यात कुणी हाड घातलं असतं का?"

"माझी आजी मासे खायची," हवालदार म्हनला. "उठा, धग लागते."

"लागू दे."

तोवर शेजारीण गावात सांगून आलेली. एकेक करत जैनांच्या घरच्या सगळ्या बाया आल्या आन आत्तींच्या भवती बसल्या. मागनं मराठ्यांच्या बाया आल्या, त्यांच्यात मटण चालतंय, पण त्या म्हनल्या आक्काची काहील ती आमची काहील, आन बसल्या. शिपायांना जेवायचं हुतं, पण एवढ्या बायांच्या म्होरं घास कसा उचलायचा. सायब बाहेर आला, हे काय म्हनून त्यानं इचारलं, हवालदारानं सांगितलं. सायबानं खिशातनं पैसं काढलं. आत्तींनी बघितलंबी न्हाई. एक म्हातारी म्हनली, "उद्यापासनं दूध न्हाई म्हनून सांग त्याला. चा काळा पी म्हनावं." छावणीला दूध आमच्याच घरांतनं जायचं. हवालदारानं तेबी सांगितलं. सायबाचं सोललेलं नाक आणखीन लाल झालं.

"मग हवंय काय तुम्हाला?" हवालदार वैतागला. "घासून देतो आम्ही. राखेनं घासू, चिंचेनं घासू, पुरे?"

आत्ती म्हनल्या, "घासून काय हुतं. बाटली ती."

आन तवा मी बोलले.

मी कशी बोलले मला आजतागायत कळत न्हाई. पोरगी काखंला, आन माझ्याच कानाला माझा आवाज आला की, "घासून न्हाई भागत. वाहत्या पाण्यात ठेवाय लागती. रातभर. मग पहाटं बायांनी वाळूनं घासायची, मग ती शुद्ध."

असा नियम आमच्यात न्हाई. कुठल्या शास्त्रात न्हाई, कुठल्या बस्तीत, म्हंजे आमच्या देवळात, कुणी सांगितला न्हाई. आत्तींनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, संपलं. ही बाई खोटं बोलत न्हाई. आत्ता म्हनंल, हिला काय कळतंय, कालची पोर. सगळ्या बाया आत्तींच्या तोंडाकडं बघायलेल्या. चुलवाणातलं चिपाड तडतडतंय. आत्तींची नजर माझ्यावरनं पोरीवर गेली, पोरीवरनं उसाकडं गेली. पलीकडच्या काठाकडं गेली. मग त्यांनी डोळं मिटलं.

"व्हय," म्हनल्या. "सूर्य बुडायच्या आत पाण्यात पडाय पायजे. ऱ्हायली तर मग न्हाई चालत."

मागनं एक बाई म्हनली, "करंजाखाली ठेवावी लागती. धार तिथं स्वच्छ." दुसरी म्हनली, "उपडी न्हाई ठेवायची, उताणी." मराठ्यांची एक बाई, तिला काय जैनांचं ठावं, तीबी म्हनली, "आन बापय माणसानं पहाटं तिकडं फिरकायचं न्हाई." मी खाली बघत ऱ्हायले. वर बघितलं असतं तर मला हासू आलं असतं न्हाईतर चक्कर आली असती.

हवालदारानं सायबाला सगळं सांगितलं. सायब कायतरी फाडकन बोलला आन आत निघून गेला.

"काय म्हनला?" आत्तींनी इचारलं.

"म्हणाला, फेका ती नदीत आणि ह्या बायांना घालवा."

तर शिपायांनी घाईघाईनं काहील रिकामी केली, घागरी वतून निववली. ती उचलायची म्हंजे खेळ न्हाई. ती कडेवर उभी करून चाकागत ढकलत नेत्यात, ते त्यांना ठावं न्हवतं, ते आत्तींनी दाखवलं. "असं धर. आरं, तिकडनं. पायावर घेशील, बोटं जातील," असं म्हनत त्या संगं चालल्या. शिपाई घामाघूम. आमी बाया मागनं. साऱ्या गावादेखत, दिवसाउजेडी, सरकारच्या शिपायांनी आमची नाव ढकलत ढकलत काठाला नेली, करंजाखाली पाण्यात लोटली आन दाव्यानं मुळीला बांधूनबी दिली. पाटील आप्पा चावडीवर उभा हुता. त्यानं टोपी काढून काखंत घातली आन घरात गेला.

ती तरंगताना दिसू नये म्हनून आत्तींनी आत वाळू घातली. हवालदार बघत हुता. म्हनला, "वाळू कशाला?"

"घासायला," आत्ती म्हनल्या. ते मातूर खरं हुतं.

दिवस बुडायच्या आत मी वाडं आणाय गेले. बांधावर बसले, इळा चालवत म्हनलं, "काहील करंजाखाली हाय. पाण्यात."

मी आणखी एक पेंडी बांधली.

"ऐकलं का?"

"कुणी नेली?" ह्यांचा आवाज.

"शिपायांनी."

आत कुणीतरी हासलं, दुसऱ्यानं त्याचं तोंड दाबलं असणार. मी सांगितलं, पहाटं धुकं पडतंय, धुक्यात आमी बाया घासाय येणार, आमचा आवाज येईल तिकडं उसाच्या कडंकडंनं या. आन पलीकडं पोचला की काहील उपडी घाला, म्हंजे मला हिकडनं दिसंल. उताणी दिसली तर मी समजंन.

"काय समजशील?" ते म्हनले.

पोरीनं उसाचं पान धरून वडलं, तिच्या बोटाला कापलं, ती रडाय लागली. तिला घेऊन घरी आले. आत्ती जेवल्या न्हवत्या. मी ताट वाढलं तर म्हनल्या, "मला न्हाई. आज मी खोटं बोलले." मी म्हनलं मग मीबी न्हाई जेवत. तर म्हनल्या, "तू जेव. तुला पाजायचं हाय. तुझाबी उपास मी धरते."

पहाटं धुकं असं की आपला हात आपल्याला दिसंना. आमी पाचसहाजणी गेलो. चुलीतली राख, नारळाच्या शेंड्या, आन आत्तींनी आणखीन एक सांगितलेलं, घरातला लोखंडी तवा संगं घ्या. काठावर वरच्या अंगाला पहाऱ्याचा शिपाई हुता, तो वरडला, कोन हाय. आत्ती म्हनल्या, "काहील घासणाऱ्या. हिकडं येऊ नगंस." तो तिथनंच बरं म्हनला.

आमी घासाय लागलो. आधी आतली वाळू काढली, घासत घासतच काढली. लोखंडावर वाळू अशी करकर वाजती की लांबवर जातं. ते थंड पाणी, पाय बधीर झालेले, मी पोरीला पदराखाली पाजत एका हातानं घासतीया. मनात नुसतं णमोकार म्हनत हुते, तोबी मधीच चुकायचा, परत पयल्यापासनं.

मग बाजूच्या लव्हाळ्यातनं पाण्याचा बारीक आवाज आला. काहील माझ्या हाताखाली एका अंगाला कलली, मग दुसऱ्या अंगाला. कुणीतरी कण्हलं, दात दाबून. तो वास आला, पायाचा, म्हनून मला कळलं. माझ्यापासनं वितभर लांब असतील, पण धुक्यात कायसुदीक दिसंना. मग पोरीच्या पायाला, तो पदराबाहेर लोंबत हुता, कुणाचातरी गार हात लागला. लागला आन घट्ट धरला. पोरगी दचकली, मी तिचं तोंड छातीशी दाबलं. हात सुटला.

आत्तींनी दावं सोडलं. काहील गेली.

आन आमी घासतच ऱ्हायलो. तवा काढला, त्याच्यावर वाळू टाकली आन सगळ्याजणी मिळून तवा घासाय लागलो, तसाच करकर आवाज, थांबू द्यायचा न्हाई. एक दमली की दुसरी. शेजारणीनं जात्यावरची ओवी धरली, सगळ्यांनी वडली. वरनं शिपाई म्हनला, "अजून किती वेळ?" शेजारीण म्हनली, "तुमी किती खाल्लं त्याच्यावर हाय दादा." तो हासला. हात सोलून निघाले, तव्याचा काळा रंग जाऊन पांढरा पडला, तरी घासत बसलो. मला वाटत हुतं आवाज थांबला की गोळी सुटंल.

ऊन आलं तसं धुकं वर उचलाय लागलं. आधी आमचे पाय दिसले, मग पाणी, मग पाण्याचा मधला भाग. मी उभी ऱ्हायले. पलीकडचा काठ यायला लई येळ लागला.

तवर हवालदार खाली आला. त्याची नजर करंजाकडं गेली. दावं मुळीला तसंच, त्याच्या टोकाला कायच न्हाई.

"काहील कुठाय?"

आत्ती तवा घेऊन उभ्या. "वाहून गेली."

"वाहून? एवढी लोखंडी?"

"वाहत्या पाण्यात घातल्यावर वाहणारच की."

हवालदारानं आमच्याकडं एकेक करून बघितलं. मग पाण्याकडं. मग पलीकडं. पलीकडं धुकं फाटलं हुतं, आन तिथं वाळूत, संस्थानच्या वाळूत, आमची काहील. काळीशार. उपडी.

मी तिथंच पाण्यात बसले. पोरगी भिजली, रडाय लागली, मी तिला रडू दिलं.

हवालदार कोकणातला माणूस, व्हडी वळखणारा. त्याला सगळं कळलेलं मी त्याच्या तोंडावर वाचलं. हळूच म्हनला, "काहील तरंगते?"

आत्ती म्हनल्या, "लोखंड कुठं तरंगतंय, दादा."

मग तो माझ्याकडं वळला. मी सगळ्यात भित्री, माझ्या तोंडावर दिसत असणार. म्हनला, "तू सांग बाई. कुणी नेली?"

मला आठवतंय मी पोरीचे भिजलेले कपडे पिळत हुते. पिळत पिळत म्हनलं, "आमाला ती दहाजणींना हालत न्हाई. काल तुमच्याच माणसांनी पाण्यात लोटली. सायबाच्या हुकमानं. सायबाला इचारा."

तो सायबाला जाऊन काय सांगणार, कुणाच्या हातनं नाव पाण्यात पडली म्हनून. तो वळला आन काठ चढून गेला. त्यानं काय सांगितलं ते मला ठावं न्हाई.

ऊस मातूर पेटवला. दुपारी पेटवला तो दिवस बुडेपातूर जळत हुता. आमाला बांधावर उभं केलं, बघा म्हनून. आत्ती बघत हुत्या. धूर डोळ्यात जात हुता तरी पदर लावला न्हाई. त्या वर्षी ना ऊस, ना काहील, ना गूळ. बातमी दिली न्हाई म्हनून पाटलाची पाटीलकी गेली, तो आमच्या दारात येऊन चा पिऊन गेला. आत्तींनी आणखीन एक दिवस उपास धरला, लोखंड तरंगत न्हाई म्हनल्याचा. मी म्हनलं, आत्ती, आता पुरे. म्हनल्या, "ते मी फुकट बोलले न्हाई. खोट्याचं मोल मी देते, कुणाचं उपकार नकोत."

हे परत आले ते लई उशिरा, एक पाय वडत. गोळी डाक्टरानं काढली, ती फडक्यात बांधून आणलेली, आत्तींनी ती घरात ठेवू दिली न्हाई.

पण ती मधली दीड-दोन वर्सं मी रोज सकाळी पोरीला घेऊन पाणवठ्यावर जायची. हवालदारानं एकदा सांगितलं, इथं उभं ऱ्हायचं न्हाई. मी म्हनलं, पाणी गाळायला आलेय, आन घागर पाण्यात बुडवली. मग परत दुसऱ्या दिवशी गेले. भीती वाटत हुती, न्हाई असं न्हाई. पण जायची. पलीकडं वाळूत काहील उपडी पडलेली असायची. संस्थानच्या लोकांनी ती हालवली न्हाई. पोरगी बोलाय लागली तवा पाणवठ्यावरच पयल्यांदा तिकडं बोट केलं आन बाबा म्हनली. पहाऱ्याच्या शिपायानं ऐकलं. मी तिला आणखी एकदा म्हनाय लावलं, मोठ्यानं.